त्रेचाळीस जणांचा नकार

शुभदाला रक्तपेढीत समुपदेशक म्हणून लागून अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत रक्त द्यायला आलेल्या माणसाशी गव्हाबद्दल बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती आली डॉ. अद्वैतमुळं. अद्वैत पोटविकारांचा तरुण डॉक्टर, पुण्यात शिकून सोलापुरात परत आलेला. रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. शकुंतलाबाई यांच्यासमोर बसून तो सांगत होता की, रक्तदानाला येणारी माणसं म्हणजे स्वतःला ठणठणीत समजणारी माणसं. त्यांच्यातल्या किती जणांच्या पोटात सिलिअॅक नावाचा आजार निमूट बसलाय, ते एकदा बघायला हवं. गव्हात एक चिवट प्रथिन असतं, कणीक ताणली तरी चटकन तुटत नाही ती त्याच्यामुळं. काही जणांचं शरीर त्या प्रथिनावर उठतं आणि त्या भांडणात स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवत बसतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाचं पोट बिघडतं, कुणाचं रक्त कमी होतं, आणि कुणाला वर्षानुवर्षं काहीच कळत नाही.

"हा पंजाबकडचा आजार," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आपली माणसं ज्वारी खाणारी."

"होती," अद्वैत म्हणाला. "आता कुणाच्याही डब्यात बघा."

शकुंतलाबाईंचा स्वतःचा डबा टेबलावर उघडाच होता. त्यात चपात्या होत्या. त्यांनी परवानगी दिली, एथिक्स कमिटीनंही दिली, आणि काम सुरू झालं.

रक्त घेताना तपासणीसाठी एक छोटी नळी तशीही भरतात. त्यातलंच थोडं या चाचणीसाठी काढून ठेवायचं होतं. शुभदाचं काम समजावून सांगण्याचं आणि सही घेण्याचं. फॉर्मच्या शेवटी दोन चौकोन होते. 'तपासणीत काही आढळल्यास मला कळवावे' आणि 'कळवू नये'. एचआयव्ही, कावीळ वगैरे ज्या सक्तीच्या तपासण्या असतात त्यांचा याच्याशी संबंध नव्हता. हा प्रश्न फक्त या नव्या चाचणीपुरता होता.

सहा महिन्यांत बाराशे नमुने जमले. त्यातल्या त्रेचाळीस जणांनी 'कळवू नये'वर खूण केली होती. कुणी घाईत, कुणी कंटाळून. एक निवृत्त मास्तर तर म्हणाले होते, "साठी उलटली, आता नवीन पाहुणा कशाला?"

बाराशेंतून सात जण निघाले. सहा जणांनी कळवावं म्हणून लिहिलं होतं. शुभदानं त्यांना एकेक करून बोलावून घेतलं. तिचा एक नियम होता, ज्याचं रक्त त्याच्याशीच बोलायचं, आणि आजाराचं नाव फोनवर घ्यायचं नाही. त्या सहांमध्ये अक्कलकोटच्या एक शिक्षिका होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "दहा वर्षं घरातले म्हणतात, तू नीट जेवत नाहीस. मी तर त्यांच्यापेक्षा जास्त जेवते हो."

सातवा होता यशपाल बनसोडे. वय छत्तीस, एसटीत कंडक्टर. त्याचा आकडा मर्यादेच्या दहापट होता, सातांत सगळ्यात जास्त. आणि त्याची खूण 'कळवू नये'वर होती.

यशपालला शुभदा चांगली ओळखत होती. तीन महिने पुरे झाले की चार-पाच दिवसांत तो हजर असायचा. आल्यावर "जय भीम, म्याडम" म्हणायचा, रक्त द्यायचा, चहा घ्यायचा आणि रक्तदानाचं कार्ड हातात पडेपर्यंत हलायचा नाही. कार्ड मिळालं की त्यावरचं नाव, तारीख, गट वाचून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा. गेल्या बारा वर्षांत त्याचं चव्वेचाळीस वेळा रक्त देऊन झालं होतं.

शुभदा यादी घेऊन अद्वैतकडं गेली.

"याला सांगायला हवं, डॉक्टर."

"नाही सांगता येणार. त्यानं लिहून दिलंय."

"चौदा एप्रिलच्या शिबिरातला फॉर्म आहे हा. दोनशे माणसांची रांग होती, शेजारी स्पीकर चालू. मी चार वाक्यांत उरकलं होतं. त्याला नीट ऐकू तरी गेलं असेल का, देव जाणे."

अद्वैतनं चष्मा काढून पुसला. "ताई, मलाही ते बरं वाटत नाही. पण विचारलं आपणच. उत्तर आवडलं नाही म्हणून फॉर्म फाडायचा का?"

शुभदा यादी घेऊन परत आली.

जुलैत यशपाल आला. बोटाला टोचून तंत्रज्ञ प्रदीपनं हिमोग्लोबिन बघितलं, बारा पॉइंट सात. साडेबाराच्या वर असलं की रक्त घेता येतं, म्हणून घेतलं. तो चहा पीत असताना शुभदानं त्याचे जुने आकडे काढून पाहिले. दोन वर्षांपूर्वी चौदा पॉइंट सहा. मग चौदा, साडेतेरा, तेरा, आणि आता हे. तिनं तो कागद शकुंतलाबाईंना दाखवला.

"वर्षातून चारदा देतो हा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "लोह राहील कुठून? गोळ्या सांग त्याला."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच अडचणीचं होतं. प्रत्येक जण हेच म्हणणार, यशपालसुद्धा. खऱ्या कारणापुढं हे दुसरं कारण कायम उभं राहणार. शुभदानं त्याला गोळ्या सांगितल्या. तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. तो म्हणाला, "पाय लई दुखत्यात. पर दिवसभर उभंच की आमी."

त्या आठवड्यात शुभदाच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. यशपालला बोलावून 'मत बदलायचं आहे का' असं विचारलं, तर विचारण्यातच सगळं सांगून झाल्यासारखं होतं. पण हाच प्रश्न त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांना विचारला तर? मग प्रश्नातून कुणालाच काही कळणार नाही. ती अद्वैतकडं गेली. त्याला ते पटलं. दोघांनी मिळून एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं. कमिटीनं चार शंका काढल्या, एक बैठक पुढं ढकलली आणि सप्टेंबरात होकार दिला. अटी अशा होत्या की, प्रत्येकाला समोरासमोर, एकदाच, आणि कागदावर लिहिलेल्या त्याच वाक्यांत विचारायचं. पदरचं काही घालायचं नाही.

शुभदा यादीच्या क्रमानं निघाली. जे रक्तपेढीत येणार होते त्यांना तिथंच गाठलं. बाकीच्यांकडं ती सुटीच्या दिवशी स्कूटीवर गेली. कुणी दुकानात भेटलं, कुणी सूतगिरणीच्या फाटकावर. मास्तरांनी तिला बसवून पोहे खाऊ घातले आणि पुन्हा नाहीच म्हणाले. पाच जणांनी मात्र मत बदललं. त्या पाचांपैकी कुणालाच काही निघालेलं नव्हतं. "तुमचं सगळं चांगलं आहे" एवढं सांगायला इतका खटाटोप, असं तिला वाटे. पण ऐकणाऱ्याचा चेहरा खुलायचा, तेवढं बरं होतं.

ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात यशपाल आला. तेहेतीस जण तोवर होऊन गेले होते. प्रदीपनं त्याच्या बोटाला टोचलं. अकरा पॉइंट नऊ.

"आज न्हाई घेता येणार दादा," प्रदीप म्हणाला.

"परत बघा की. दुसऱ्या बोटाचं बघा."

प्रदीपनं दुसऱ्या बोटाचं बघितलं. अकरा पॉइंट आठ.

रक्त कमी आहे म्हणून रोज चार-दोन जण परत जातात. थोडे हिरमुसतात, काही तर मनातून खूष होतात. यशपाल खुर्चीवरून उठेचना. "कार्ड न्हाय मिळणार मग," तो म्हणाला. प्रदीपकडं बघून नाही, भिंतीकडं बघून. शुभदानं ते पाहिलं आणि त्याला आपल्या खोलीत नेलं.

"गोळ्या घेताय ना लोहाच्या?"

"घेतोय की. तीन महिनं झालं. शी काळी हुतीया, त्येवढाच फरक."

तीन महिने गोळ्या खाऊन रक्त वाढायच्या ऐवजी घटलं होतं. शुभदानं ड्रॉवरमधून कागद काढला आणि त्यावरची वाक्यं जशीच्या तशी वाचली. चौदा एप्रिलला तुम्ही एका अभ्यासासाठी नमुना दिला होता. त्यात काही आढळलं तर कळवू नये, असं तुम्ही लिहिलं होतं. हे मत कायम ठेवायचं की बदलायचं, ते तुम्ही ठरवू शकता.

यशपालनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्ये मला एकट्याला इचारताय का समद्यांना?"

"त्रेचाळीस जणांना. तुम्ही चौतिसावे."

ते खरं असल्यामुळं तिला त्याच्या नजरेला नजर देऊन बोलता आलं. तो बोलायला लागला.

चोवीस वर्षांचा असताना त्यानं मंगळवेढ्याजवळच्या आपल्या गावात पहिल्यांदा रक्त दिलं होतं. शिबिर कुठल्याशा बाहेरच्या रक्तपेढीचं होतं. त्याचा मोबाईल तेव्हा नव्हता, फॉर्मवर चुलता सिद्राम याचा नंबर दिला होता. पंधरा दिवसांनी फोन आला. तो सिद्रामनं उचलला. पलीकडच्या माणसानं काही विचारलं नाही, सांगून टाकलं की तुमच्या पोराच्या रक्तात एचआयव्ही आलाय, परत तपासायला पाठवा.

"चुलत्यानं मला सांगायच्या आदी पारावर सांगितलं," यशपाल म्हणाला. "त्येच्या मनात वाईट नव्हतं. घाबरला त्यो. पर चार दिसांत समद्या गावाला कळलं. माजं लगीन ठरलं हुतं करकंबच्या पोरीशी. त्यांनी सुपारी परत धाडली. मग मी सोलापुरात यिऊन सरकारी दवाखान्यात तीनदा तपासलं. तिन्ही बारीला काय न्हाय निघालं. पयली मशिनचीच चूक हुती. पर काय न्हाय निघालं, ह्ये पारावर कोन सांगनार?"

"तरीही तुम्ही रक्त देत राहिलात."

"म्हनून तर देत राहिलो. दर तीन महिन्याला तुमी तपासता. रक्त चांगलं असंल तरच पुढं जातं. कार्ड मिळालं आनि मागनं फोन आला न्हाय की मला कळतं, अजून चांगलं हाय." तो थांबला. "त्या दिवशी तुमी म्हनला, जादा तपासनी हाय. मी म्हनलं, नगं. जेवढं हाय तेवढं बास."

म्हणजे त्यानं नीट ऐकलं होतं. घाईत खूण केली नव्हती. शुभदाला हे कळलं तेव्हा तिचं अर्धं ओझं उतरलं आणि अर्धं वाढलं.

"मग आता काय लिहू?" तिनं विचारलं.

"नगंच," तो म्हणाला आणि उठला. शुभदानं तसंच लिहिलं, त्याची सही घेतली, आणि हिमोग्लोबिन इतकं घटलंय म्हणून एखाद्या डॉक्टरला दाखवाच, एवढं मात्र बजावून सांगितलं. ते सांगणं तिचं कामच होतं.

आठ दिवसांनी सकाळी साडेदहाला यशपाल पुन्हा आला. बरोबर बायको होती, चेतना. रंगानं सावळी, अंगानं शिडशिडीत. बसल्या बसल्या तिनं पर्समधून रक्तदानाच्या कार्डांची चळत काढली आणि टेबलावर ठेवली.

"आठ वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "ही कार्डं कपाटात बघते मी. मला वाटायचं, ह्यांना हौस आहे. परवा सांगितलं ह्यांनी, कशासाठी जपलीत ते."

"म्याडम, आता सांगा," यशपाल म्हणाला. "काय असंल ते हिच्या म्होरं सांगा. मी सही करतो, हिला सांगितलं तरी चालतंय म्हनून."

त्यानं सही केली. शुभदानं सांगितलं. आजाराचं नाव, आकडा, पुढची तपासणी. यशपाल पुढं झुकून ऐकत होता.

"ह्ये दुसऱ्याला लागतं का?"

"नाही. रक्तातून नाही, ताटातून नाही, कशातूनच नाही."

"मी ज्यांना रक्त दिलं त्यांना?"

"त्यांना काही झालेलं नाही, होणार नाही."

त्यानं हाच प्रश्न शब्द बदलून आणखी दोनदा विचारला. शुभदानं दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मग तो मागं टेकला आणि त्यानं चेतनाकडं पाणी मागितलं.

अद्वैतनं दुर्बिणीनं आतडं तपासलं, तुकडा काढून पाठवला. निदान पक्कं झालं. अस्तर इतकं झिजलं होतं की लोहाच्या गोळ्या पोटात जाऊन तशाच बाहेर पडत होत्या. उपाय एकच, गहू बंद. थोडा नाही, अजिबात. चेतनानं बोटांवर मोजत यादी केली. चपाती, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं.

"हिंगाची डबीसुद्धा वाचून घ्या," अद्वैत म्हणाला. "बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ घातलेलं असतं."

मुलाला काय झालंय ते बघायला गावाहून यशपालची आई नागूबाई आली. सुनेनं सगळं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजी ल्हानपनी जे खात हुता तेच खायाचं. ह्येला एवढी दुर्बीन कशाला घातली?" गावात असेपर्यंत यशपालनं सणावारालाच काय तो गहू खाल्ला होता. नोकरी लागल्यावर डब्यात चपाती आली, डेपोच्या कँटीनला पाव आला. आता चेतना कडक भाकरी करून ठेवायला लागली. चार-चार दिवस टिकायची, बसमध्ये हादरे खाऊनही मोडत नव्हती.

फेब्रुवारीत तपासणी झाली. हिमोग्लोबिन बारा पॉइंट तीनवर आलं होतं, पण तो दुसरा, सिलिअॅकच्या चाचणीचा आकडा म्हणावा तसा उतरला नव्हता. अद्वैतला संशय आला. "बाहेर काही खाता का?" त्यानं विचारलं. यशपालचा चेहरा पडला. बाहेर येऊन तो शुभदाला म्हणाला, "सख्ख्या मेव्हनीचं लगीन झालं, बुंदी तेवढी खाल्ली, पर पुरीला हात लावला न्हाय. आनि डाक्टर मला चोर समजत्यात."

शुभदानं चेतनाला फोन केला. धान्य आणण्यापासून भाकरी तव्यावर पडेपर्यंत काय काय होतं, ते दोघींनी एकेक पायरीनं बोलून काढलं. ज्वारी मंगळवेढ्याची, घरच्या शेतातली. निवडणं घरी. दळण गल्लीतल्या गुरप्पाच्या गिरणीत.

"गुरप्पाकडं ज्वारीची चक्की वेगळी आहे ना?"

"आहे," चेतना म्हणाली. "थांबा. बघून सांगते."

ती तशीच गिरणीत गेली. ज्वारीची चक्की दिवाळीपासून नादुरुस्त होती. गुरप्पा गव्हाच्या चक्कीवरच ज्वारी दळत होता. आधीच्या गिऱ्हाइकाची कणीक दगडाला, कापडी नळीला, डब्याला चिकटलेली असायची आणि यशपालच्या पिठात उतरायची. गुरप्पाला आजार काही कळला नाही, पण पोटाचं दुखणं म्हणजे दुखणं, एवढं त्याला पुरे होतं. दुरुस्तीचा माणूस आणून आठवड्याभरात त्यानं चक्की सुरू केली, दगडाला छिन्नीनं नव्यानं टाकी लावून घेतली, आणि पहिलं दळण स्वतःच्या म्हशीसाठी काढून दुसरं चेतनाचं दळलं. अद्वैतला हे कळलं तेव्हा त्यानं यशपालला फोन करून माफी मागितली. कुठल्या डॉक्टरनं असा फोन करावा, हे यशपालच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. काय बोलावं ते न सुचून तो "बरं बरं" म्हणत राहिला.

ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन तेरा पॉइंट आठ झालं आणि दुसरा आकडा मर्यादेच्या आसपास आला. असा आजार रक्ताच्या नात्यात आणखी कुणाला असू शकतो म्हणून नागूबाईची आणि यशपालच्या सहा वर्षांच्या मुलीची तपासणी केली होती, ती दोन्ही चांगली निघाली. यशपालनं शकुंतलाबाईंना रक्त देण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, आणखी सहा महिने थांबा, साठा भरू दे. तो बरं म्हणाला आणि निघून गेला. शुभदाला वाटलं होतं, हुज्जत घालेल.

सप्टेंबरात अक्कलकोटला शिबिर होतं. रक्तपेढीची गाडी सामानानं भरली म्हणून शुभदा एसटीनं निघाली. बसमध्ये कंडक्टर यशपालच होता. गालांवर मांस आलं होतं, शर्टाची बटणं ताणली होती. तिकिटं काढून झाल्यावर तो तिच्या समोरच्या सीटवर येऊन बसला.

"म्याडम, गावाला जाऊन आलो," तो म्हणाला. "पारावर बसलो, सिद्रामकाकाच्या शेजारी. त्याला समदं सांगितलं. आजाराचं नाव चारदा म्हनून घेतलं त्येच्याकडनं. म्हनलं, काका, आता ह्ये पन सांगा गावाला."

"मग?"

"सांगितलं की त्यानं. काय ठेवतोय व्हय पोटात?" यशपाल हसला. "बारा वर्षांपूर्वीचं मशिन चुकीचं हुतं, ते पन सांगितलं. लई उशीर केला, पर सांगितलं. आता गावात मी पंगतीला बसलो की आदी चार जन वरडत्यात, ह्याला चपाती वाढू नका."

बसनं वेग कमी केला. पुढच्या थांब्यावर दहा-बारा बायका डोक्यावर बोचकी घेऊन उभ्या होत्या. यशपाल उठला, घंटीची दोरी ओढली आणि तिकिटांचं यंत्र सावरत दाराकडं गेला.